खाली हुकूम, वर आडवळण

मेहरूण तलावाच्या काठानं सकाळी निम्मं जळगाव फिरायला येतं. थंडीत बोरांचे दिवस असतात, आणि मेहरूणची बोरं तलावाइतकीच नावाजलेली. खालचा संवाद या काठावरच्या एका बाकावर झाला असं समजावं. काका निवृत्त लोको पायलट आहेत. सगळी नोकरी भुसावळच्या गाड्यांवर गेली, आता घर मेहरूणला. पुतणी मराठीची एम. ए. आणि विशेष शिक्षिका. तिच्या वर्गात स्वमग्न मुलं आहेत. माणसं कल्पित आहेत, मतं मात्र कुठल्याही घरात सापडतील. काकांचा सहा वर्षांचा नातू सोनू कागदाच्या पुडीतली बोरं खाण्यात गर्क आहे.

काका : काल संध्याकाळी ऐकलं मी तुझं. सोनूनं दप्तर सोफ्यावर फेकलं, तर तू म्हणालीस, "आज सोफ्यावर दप्तर बसलंय, आजोबांना टेकायला जागाच नाही." अगं, सरळ "दप्तर उचल" म्हणायला काय जातं? दोन शब्दांचं काम.

पुतणी : दोन शब्दांत दप्तर उचललं गेलं असतं, पण उद्या परत दोन शब्द लागले असते. परवा परत. "दप्तर उचल" म्हटलं की विचार सगळा माझा आणि त्याचे नुसते हात. मी जे म्हणाले त्यात काय बिघडलंय ते त्यानं पाहायचं आणि काय करायचं तेही त्यानंच ठरवायचं.

काका : ठरवलं काय त्यानं? उचललं आणि जमिनीवर आपटलं. खुंटी तिथेच होती.

पुतणी : तुम्हाला जागा झाली ना? जमिनीवर का होईना, अक्कल त्याची स्वतःची होती. खुंटीपर्यंतही पोचेल.

काका : कधी? त्याचं लग्न झाल्यावर? (इतक्यात सोनू एक बोर तोंडाकडे नेतो.) ए पोऱ्या, काय करी राहिना? किडकं आहे ते, टाक! टाक म्हणतो ना!

(सोनू दचकून बोर टाकतो. पुडीतून दुसरं काढतो आणि न बघताच ओठांपाशी नेतो.)

पुतणी : मला या बोरावर एक बारीक भोक दिसतंय.

(ती गप्प बसते. काका काही बोलणार, तर हातानं थांबवते. सोनू बोर फिरवतो, भोक सापडतं. नखानं फोडतो. आत काळपट भुसा आणि एक अळी. "ईऽऽ" म्हणून हसतो. मग पुडी मांडीवर रिकामी करून एकेक बोर उजेडात फिरवून बघायला लागतो.)

पुतणी : तुमच्या हुकमानं एक बोर गेलं. आता तो अख्खी पुडी तपासतोय.

काका : एक गंमत साधली म्हणून शास्त्र होत नाही, पोरी. आणि हे शास्त्र तुझं की परदेशातून आलेलं?

पुतणी : नाव परदेशातून आलं. हुकूम न करता नुसतं विधान करायचं, दिसलं ते सांगायचं. लिंडा मर्फी नावाच्या अमेरिकन वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ आहेत, २०२० साली त्यांनी यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्याआधी इंग्लंडात नॉटिंगहॅमच्या एलिझाबेथ न्यूसन यांनी १९८०च्या दशकात काही मुलांचं वर्णन केलं होतं. साधी रोजची मागणीसुद्धा त्या मुलांना झेपत नाही. "बूट घाल" एवढं ऐकलं तरी आतून घाबरतात आणि मग काहीही करून टाळतात. आपण त्याला हट्ट म्हणतो. अशा मुलाला जितकं दटावाल तितकं ते मिटत जातं. "बूट दाराशी ठेवलेत, रिक्षा आली की मी खाली जाईन" एवढं म्हणून आपण सोडून दिलं, तर पुष्कळदा ते आपण होऊन येतं. माझ्या वर्गात हे रोज चालतं.

काका : ती मुलं वेगळी. सोनू धडधाकट आहे.

पुतणी : तरी दिवसभरात त्याच्या कानावर काय पडतं ते मोजा. ऊठ, दात घास, दूध संपव, पळ. घरी आला की काय शिकवलं आज? किती मार्क पडले? पाहुणे आले की, काकांना पाढे म्हणून दाखव. हुकूम नाही तर परीक्षा. नुसतं "आज तलावावर धुकं आहे" असं त्याच्याशी कोणी बोलतं का? ज्यातून काही वसूल करायचं नाही असं?

काका : धुक्याच्या गप्पा मारायला वेळ हवा. आम्ही अशा हुकमांतच वाढलो आणि काही वाईट झालं नाही. बरं, मला एक सांग. गणपती विसर्जनाला अख्खं शहर या तलावावर लोटतं. काठावर पोरं वाकलेली असतात. तिथे भोंग्यावर काय सांगायचं? "मित्रहो, पाणी खोल दिसतंय, मला जरा काळजी वाटतेय"?

पुतणी : तिथे "मागे सरका!" असंच ओरडायचं. पाणी, आग, रस्ता, वीज. जिथे विचार करायला सवडच नाही तिथे हुकूम. त्यावर माझा वाद नाहीच. पण दिवसभर ओरडणाऱ्या घरात ती खरी आरोळी ओळखू कशी यावी? मघाशी किडक्या बोरासाठी जो आवाज लावलात, तोच तुम्ही सोनू काठाशी गेल्यावर लावता.

काका : रेल्वेत असले लाड नाहीत. लाल दिवा म्हणजे उभं राहायचं. लाल दिवा कोणाला विचार करायला लावत नाही.

पुतणी : पण लालच्या आधी पिवळा असतो ना? त्याचा अर्थ काय?

काका : पुढचा सिग्नल लाल असू शकतो, थांबायच्या तयारीनं चला.

पुतणी : आणि डबल पिवळा त्याच्याही आधी. म्हणजे लालपर्यंत येण्याआधी गाडीला पुढची खबर दोनदा मिळते. घरात मात्र आपण थेट लाल लावतो आणि पोरगं गचका खाऊन थांबलं की त्यालाच बोलतो. आणखी एक विचारते. भादली सोडून जळगावकडे येताना सिग्नल दिसला की तुमचा असिस्टंट काय म्हणायचा?

काका : सिग्नल पुकारायचा. "डबल यलो" म्हणाला की मी स्वतः बघायचं, हात करायचा आणि तेच परत म्हणायचं. दोघांनी मोठ्यानं. नियमच आहे तो.

पुतणी : "वेग कमी करा" असं म्हणायचा?

काका : त्याची काय बिशाद! गाडी माझ्या हातात.

पुतणी : म्हणजे तो दिसलं ते सांगायचा आणि करायचं काय ते तुम्ही ठरवायचात. शेकडो माणसांचा जीव मागे असताना रेल्वेनं हीच पद्धत का ठेवली? कारण हुकूम ऐकणारा स्वतः बघायचं सोडून देतो.

काका : (हसून) माझ्याच डब्यात मला बसवतेस. पण एक विसरलीस. पिवळ्याचा अर्थ मला तोंडपाठ होता, कारण भुसावळच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये तो आधी घोकून घेतला होता. तिथे कोणी म्हणालं नाही की "मला वाटतं पिवळा म्हणजे सावध असावं". नियम सांगितला, पाठ करून घेतला, परीक्षा घेतली. आधी हुकमानं शिकवा, मग विधानानं आठवण द्या. शून्यातून विधान काय करणार? सोनूला खुंटीच ठाऊक नसेल तर सोफ्यावर दप्तर बसलंय हे ऐकून तो काय करेल?

पुतणी : हा मुद्दा मान्य. म्हणून मी पहिल्या वेळी बोलतच नाही, बरोबर करते. "माझी पर्स मी इथे अडकवते, तुझ्या दप्तराची खुंटी ही खालची." चार दिवस असं केलं की मग विधान पुरतं. साने गुरुजी अमळनेरला प्रताप हायस्कुलात शिकवत होते, १९२४ ते १९३०. तिथल्या छात्रालयाचं काम त्यांच्याकडे होतं. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त दिसल्या की ते स्वतः आवरायला लागायचे, असं त्यांचे विद्यार्थी सांगत. हातानं लिहून ते छात्रालयासाठी रोजचं दैनिकही काढायचे. नियमांची पाटी लावण्यापेक्षा त्यांना रोज मुलांशी बोलणं जवळचं वाटलं.

काका : साने गुरुजींचं नाव काढलंस ते बरं झालं! 'श्यामची आई' मीही वाचलंय. श्याम पोहायला जायच्या भीतीनं लपून बसतो तेव्हा आई काय करते? शिंपटीनं फोडून काढते आणि पाण्याकडे धाडते. "मला विहीर दिसतेय" म्हणत बसत नाही.

पुतणी : तीच आई दुसऱ्या प्रकरणात आंघोळ झालेल्या श्यामच्या पायांना माती लागू नये म्हणून दगडावर स्वतःचं ओलं वस्त्र पसरते. त्यानं मागितलं ते देते. मग एवढंच बोलून दाखवते, की पायांना जपतोस तसं मनालाही जपावं. ती गोष्ट सांगताना गुरुजी थोर अश्रूंबद्दल बोलतात, पोहण्याच्या गोष्टीत माराचे वळ आहेत. दोन्ही प्रकरणं १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात एकाच माणसानं लिहिली. पोहणं अंगाला शिकवायचं होतं, तिथे ढकलावं लागलं असेल. मन जपणं ढकलून शिकवता येत नाही. आणि मारल्यानंतर आई श्यामला का मारलं ते समजावतेही. नुसत्या शिंपटीवर ती थांबत नाही.

काका : म्हणजे सोय बघून आईला वाटून घेतलंस.

पुतणी : आपले जुने लोकही असंच वाटून घेत. काश्मीरच्या मम्मटानं अकराव्या शतकात 'काव्यप्रकाश' लिहिला, एम. ए.ला आम्हाला होता. तो म्हणतो, उपदेश तीन तऱ्हांनी होतो. वेद मालकासारखा आज्ञा करतो, पुराणं मित्रासारखी समजावतात आणि काव्य प्रियेसारखं मन वळवतं. काव्याचा उपदेश कानाला उपदेश वाटतच नाही. मम्मट लांबचा वाटत असेल तर आपल्या आसोद्याची लेक घ्या. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. संसार कसा करावा हे सांगायला त्यांनी चूल, तवा आणि हाताला बसणारे चटके एवढंच समोर ठेवलं. १९५२ साली ती गाणी पुस्तकात आली तेव्हा महाराष्ट्रातल्या शिकलेल्या बायांनीही ती तोंडपाठ केली.

काका : मम्मटाला आमच्या घरची कांता भेटली नसावी. तुझ्या काकूनं जन्मात मला हुकूम केला नाही. सगळी विधानंच. "कोपऱ्यावरच्या दुकानात आज गर्दी नव्हती म्हणे." म्हणजे साखर आणली नाही. "काही लोकांची बनियनं आपोआप धुतली जातात." म्हणजे मोरीत टाकली नाहीत. लेकी बोले सुने लागे! तुझी ही नवी भाषा आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या बोलली जाते, पोरी. तिला टोमणा म्हणतात. त्यापेक्षा मला हुकूम परवडला. निदान वार समोरून होतो.

पुतणी : (थोडं थांबून) हा तुमचा सगळ्यात चांगला मुद्दा आहे, काका. मी वर्गात नवीन होते तेव्हा पालकांना ही पद्धत समजावली की हमखास कोणीतरी आई म्हणायची, "हे तर माझ्या सासूबाई करतातच." वाक्य विधानाचं आहे एवढ्यानं काही होत नाही. "भांडी तशीच पडलीत" हे वाक्य हुकमाहून जड असू शकतं.

काका : मग फरक कशात?

पुतणी : टोमण्यात उत्तर आधीच ठरलेलं असतं आणि ते बोलणारी सांगत नाही. तुम्ही चुकलात की ती ते धरून ठेवते. मी सोनूला दप्तराबद्दल बोलले तेव्हा तो म्हणाला असता, "आजोबा, तुम्ही खुर्चीत बसा ना," तर मला ते चालायला हवं होतं. चाललं नसतं तर मी हुकूमच केला होता, फक्त तोंडावर पावडर लावून. त्यापेक्षा "दप्तर उचल" जास्त प्रामाणिक. "नाही" ऐकायची तयारी असेल तिथेच विधान करावं.

काका : शाळेतल्या बाई "आपण आता गप्प बसायचं हं" म्हणतात, ते?

पुतणी : तो हुकूमच. "वडीलधाऱ्यांसमोर असं बोलायचं नसतं" हाही हुकूमच. व्याकरणात विधान, पोटात फर्मान. मुलांना ते बरोबर कळतं. आणखी एक खूण सांगते. विधान केल्यावर बोलणारा थांबतो का? मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात वर्गांमधलं बोलणं ध्वनिमुद्रित करून ऐकलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबायचे. ते तीन सेकंद थांबू लागले तशी मुलांची उत्तरं लांबली, सुधारली आणि एरवी न बोलणारी मुलं बोलू लागली. मघाशी सोनूला भोक सापडायला तेवढंच लागलं. तुम्ही मधेच बोलणार होतात.

काका : बोलणारच होतो. तीन सेकंद फार असतात. पण आता माझी एक गोष्ट ऐक, कारण मलाही थोडं वाचन आहे. १३ जानेवारी १९८२. वॉशिंग्टनहून एअर फ्लोरिडाचं विमान बर्फात उड्डाण करतंय. इंजिनावर बर्फ साचू नये म्हणून असलेली यंत्रणा चालूच केलेली नाही, म्हणून काटे खोटी ताकद दाखवताहेत. सहवैमानिकाला संशय येतो. तो म्हणतो, हे काही बरोबर दिसत नाही. परत म्हणतो. "उड्डाण थांबवा" असं मात्र म्हणत नाही. कॅप्टन पुढे जातो. विमान पुलाला धडकून पोटोमॅक नदीत पडलं, ७८ माणसं मेली. त्यानं विधानच केलं होतं, तुझ्या पद्धतीनं. एक हुकूम सुटला असता तर?

पुतणी : तुमच्या इंजिनात असिस्टंटनं लाल पुकारला आणि तुम्ही ऐकलंच नाही तर?

काका : त्याच्या बाजूला इमर्जन्सी ब्रेकचा व्हॉल्व्ह असतो. मी दाद दिली नाही तर त्यानं तो ओढायचा. माझी परवानगी लागत नाही.

पुतणी : म्हणजे रेल्वेनं नुसतं पुकारणं नाही दिलं, पुकारून भागलं नाही तर हातात ब्रेकही दिला. त्या सहवैमानिकाकडे ब्रेक घालायची हिंमत नव्हती, कारण समोर कॅप्टन होता. मला वाटतं तुमची आणि माझी गोष्ट इथे एकत्र येते. ज्याच्या हातात जोर आहे त्यानं विधानात बोलावं. त्याच्या एका शब्दानं समोरचा तसाही हलणारच असतो, म्हणून त्यानं जागा सोडावी. ज्याच्या हातात जोर नाही त्यानं मात्र स्पष्ट मागावं, कारण त्याचा इशारा ऐकायला कोणी बांधील नाही. आपण नेमकं उलटं करतो. पोरांवर, सुनेवर, मजुरावर आणि हॉटेलातल्या पोऱ्यावर हुकूम सोडतो आणि साहेबासमोर "सर, जरा बघायला हवं होतं" असं आडवळण घेतो.

काका : आणि तुझी काकू?

पुतणी : काकूंना "साखर आणा" असं सरळ म्हणायची सोय कधी होती? नवीन लग्न झालेल्या सुनेनं त्या काळी नवऱ्याला काम सांगितलं असतं तर घरभर झालं असतं. मग ज्यांना मागता येत नाही त्या बाया सुचवायला शिकतात. सुचवून सुचवून कडवट होतात. त्याच पुढे सासू झाल्या की हातात जोर येतो, पण भाषा तीच राहते. टोमणा तिथून जन्मतो. तुम्हाला तो खुपतो याचं कारण त्याला उत्तर देता येत नाही. त्यांना तुमचा हुकूमही असाच खुपला असेल.

(काका बराच वेळ तलावाकडे बघतात. सोनूनं बोरांच्या दोन राशी केल्या आहेत. लहान राशीकडे बोट दाखवून तो सांगतो, "यांना भोकं आहेत." कोणी विचारलेलं नसतं.)

काका : बरं. पोरांशी बोलताना जरा दमानं घेईन. पण सगळ्या हुकमांना विधानांचे कपडे घालणार नाही. वळण लागायचं असेल तर रोज तेच ठामपणे सांगावं लागतं, असं माझं अजून मत आहे.

पुतणी : ठाम राहा ना. रात्री आठला टीव्ही बंद होतो, ही घरातली वस्तुस्थिती असू द्या. "आठ वाजले" म्हणा आणि बंद करा. फक्त त्याआधी पाच मिनिटं पिवळा दाखवा. आणि काका, तुमची दुसरी बाजूही बघा. गेले कित्येक दिवस तुम्ही दादासमोर म्हणताय, "हल्ली पेपरवाले अक्षरं बारीक छापतात."

काका : छापतातच.

पुतणी : डोळे दाखवायला डॉक्टरांकडे जायचंय असं का सांगत नाही?

काका : त्याला कळायला नको? मी बाप आहे त्याचा.

पुतणी : बाप होतात तेव्हा हुकूम करत होतात. आता पगार त्याचा आहे, गाडी त्याची आहे, सुट्टी त्याची आहे. म्हणून तुम्ही काकूंच्या भाषेत बोलायला लागलात. तो खरंच पेपरवाल्यांबद्दल ऐकतोय असं समजत असेल. सरळ म्हणा, "शनिवारी मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ने."

काका : आताच म्हणालीस हुकूम बंद करा.

पुतणी : ही मागणी आहे. "शनिवारी जमत नाही, रविवारी नेतो" असं त्याला म्हणता येईल.

काका : आणि नाहीच म्हणाला तर?

पुतणी : तर तो नाही म्हणाला एवढं तरी तुम्हाला कळेल. आत्ता तेही कळत नाहीये.